यात्रेतलं शर्यतीचं मैदान: माती उत्तम, घड्याळ खरं, बक्षिसाची वाटणी चुकीची

पंधराशे रुपये प्रवेश फी भरून फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही पाखऱ्या-सोन्याची बैलजोडी धुळे जिल्ह्यातल्या एका यात्रेत बैलगाडी शर्यतीच्या मैदानावर उतरवली. गावाचं आणि कमिटीचं नाव लिहीत नाही. माणसं ओळखीची आहेत, आणि खाली लिहिलेलं सगळं मी त्यांना समोर बसून सांगितलेलं आहे. पण मार्च-एप्रिलमध्ये खान्देशात यात्रा लागतात, गावोगाव मैदानं भरतात आणि बहुतेक ठिकाणी बक्षिसाची पद्धत हीच असते. म्हणून जोडी पाळणाऱ्यांसाठी लिहितोय.

आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं पुष्कळ होतं. धावपट्टी साधारण साडेतीनशे मीटर, काळ्या मातीची. आदल्या रात्री टँकरने पाणी मारून सकाळी पाटा फिरवलेला होता. एक ढेकूळ सापडलं नाही. बैलांना बांधायला निंबाची सावली, पाण्याच्या दोन टाक्या, गुरांचे डॉक्टर सकाळपासून हजर. उतरल्याबरोबर डॉक्टरांचा दाखला तपासला, बैलाचं तोंड, डोळे, खूर पाहिले. हाकणाऱ्याच्या हातात काठी, चाबूक, खिळा, बॅटरी काही चालणार नाही म्हणून प्रत्येकाचे खिसे तपासले, आणि एका जोडीच्या माणसाकडे टोचणी सापडली तर ती जोडी तिथल्या तिथे बाद केली. ते बघून मला मनापासून बरं वाटलं. ७ मे २०१४ ला बैलांच्या शर्यतींवर सुप्रीम कोर्टाची बंदी आली तेव्हा माझ्या वडिलांनी दावणीची जोडी विकली होती, आणि ती गेली त्या रात्री ते जेवले नाहीत. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा शर्यतींचा कायदा कायम केला, तोवर वडील राहिले नव्हते. छळ करणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, असं आपल्या राज्याच्या कायद्यात आहे. नियम पाळले तरच हा खेळ टिकेल. या मैदानावर ते पाळले जातात. त्याबद्दल कमिटीला नमस्कार.

घड्याळही चांगलं होतं. दोन्ही टोकांना सेन्सर, निकाल मोठ्या पडद्यावर सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. निवेदकाच्या आवाजावर निकाल ठरण्याचे दिवस गेले, हे फार बरं झालं.

आता जिथे पोटात दुखतं तिथे येतो.

चौसष्ट जोड्या होत्या. चिठ्ठ्या काढून चार-चारचे सोळा गट. गटात पहिली येईल ती पुढे. त्या सोळांचे पुन्हा चार-चारचे चार सेमी, आणि चार सेमीचे चार विजेते फायनलला. फायनलची चार बक्षिसं: पहिलं मोटारसायकल, दुसरं ४१ हजार, तिसरं २१ हजार, चौथं ११ हजार. बाकी साठ जोड्यांना काही नाही. गट जिंकलेल्यांनाही नाही, सेमीत दुसऱ्या आलेल्यांनाही नाही.

आमचा गट आम्ही जिंकला. पाखऱ्या जुंपला की उभा राहत नाही. मान खाली घालून जू वर उचलतो, उजवा कान मागे फिरवून हाकणाऱ्याचा आवाज शोधतो, आणि पुढे कासरा धरलेल्या दोन पोरांना अर्धा हात ओढून नेतो. सोन्या थंड. तो झेंडीकडे बघतो. झेंडी पडली आणि पहिल्या पन्नास मीटरमध्येच गट आमचा झाला होता.

सेमीत आमच्या बाजूला जी जोडी आली ती दिवसातली सगळ्यात चांगली जोडी, आणि फायनलही शेवटी तिनेच मारली. ती आली ३१.०९ ला, आमची ३१.१८ ला. मीटरभराचंच अंतर होतं. मोबाइलवरचं चित्रणही पाहून कमिटीने पाच मिनिटांत निकाल दिला आणि तो बरोबर होता. त्याबद्दल माझी काहीएक तक्रार नाही. तक्रार पुढच्या सेमीची आहे. ती जिंकणारी जोडी ३२.६४ ला आली. म्हणजे आमच्यापेक्षा जवळजवळ दीड सेकंद मागे. बैलांच्या शर्यतीत दीड सेकंद म्हणजे पंधरा-सोळा मीटर. ती जोडी फायनलला गेली, चौथी आली, ११ हजार आणि ढाल घेऊन गेली. आम्ही पाखऱ्याच्या मानेवर ओलं गोणपाट टाकून पिकअपची वाट पाहत उभे. त्या जोडीच्या मालकाचा यात काही दोष नाही. त्याने आपली शर्यत जिंकली. दोष चिठ्ठीचाही नाही. चिठ्ठीत जे निघालं त्यावरच सगळं सोडून देणाऱ्या पद्धतीचा आहे.

हिशोब मांडतो. पिकअपचं भाडं चार हजार, हाकणाऱ्याचे हजार, प्रवेश फी पंधराशे, पाच माणसांचं जेवण आठशे. सात हजार तीनशे. यात वर्षभराची सरकी ढेप, उडदाची चुणी, कुट्टी आणि दूध धरलेलंच नाही. जोडी दोन घरांची आहे. पाखऱ्या माझा, सोन्या माझ्या साडूंचा. परतीच्या वाटेवर ते अहिराणीत एवढंच बोलले, "नाना, बैल पयनात ना, मंग खिसा काबर रिकामा?" (बैल पळाले ना, मग खिसा का रिकामा?) माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शिरपूरला इंजिनिअरिंगला असलेला माझा पुतण्या अमेरिकेतली बैलस्वारी बघतो. त्याने दोन-तीन संध्याकाळी मला ते सगळं समजावून सांगितलं. तिथे गाडी नाही, माणूस बैलाच्या पाठीवर एका हाताने दोर धरून बसतो आणि आठ सेकंद टिकावं लागतं. टिकला तर शंभरपैकी गुण, त्यातले निम्मे स्वाराचे आणि निम्मे बैलाचे. आठ सेकंदांच्या आत पडला तर शून्य. बैलाला गुण असतात हे ऐकून मला फार आनंद झाला. बुशव्हॅकर नावाचा बैल तिथे असा गाजला की सलग बेचाळीस स्वार त्याने पाडले, आणि २०१३ मध्ये जे. बी. मोनी त्याच्यावर आठ सेकंद टिकला तेव्हा दोघांचंही नाव झालं.

पण मला धरून ठेवलं ते पैशाच्या वाटणीने. तिकडच्या रोडिओत, म्हणजे बैलस्वारी-घोडेस्वारीच्या वेगवेगळ्या प्रकारांच्या स्पर्धेत, स्पर्धकांची प्रवेश फी बक्षिसाच्या रकमेत मिळवतात. मोठ्या रोडिओत प्रत्येक फेरीचे पैसे वेगळे असतात. लास वेगासला वर्षअखेरीची जी राष्ट्रीय फायनल होते तिच्यात प्रत्येक प्रकारातले पहिले पंधरा जण येतात, दहा रात्री दहा फेऱ्या, आणि दर फेरीला पहिल्या सहा जणांना पैसे. शिवाय दहाही फेऱ्यांच्या बेरजेवर वेगळं बक्षीस. म्हणजे तिसऱ्या रात्री चांगला बसलेला माणूस सातव्या रात्री पडला तरी तिसऱ्या रात्रीचे त्याचे राहतात. आणखी एक रिवाज मला फार आवडला. एखाद्या फेरीत कुणीच आठ सेकंद टिकला नाही, तर त्या फेरीचे पैसे आयोजकांकडे राहत नाहीत, उतरलेल्या सगळ्यांत वाटले जातात. त्याला ग्राउंड मनी म्हणतात. आणि बैल नीट उसळला नाही, स्वाराला पुरेशी संधी मिळाली नाही, तर पंच त्याला दुसऱ्या बैलावर पुन्हा बसायला देतात.

हे शेवटचं ऐकताना मला आमच्याच मैदानावरचा नवव्या गटातला पारोळ्याकडचा शेतकरी आठवला. त्याची जोडी पुढे होती, शेजारची जोडी पट्टी सोडून आडवी आली, याच्या हाकणाऱ्याने बैल वाचवायला कासरा ओढला आणि तो तिसरा आला. आडवी येणारी जोडी बाद झाली हे ठीक, पण याला पुन्हा पळायला मिळालं नाही. वेळ नाही, असं सांगितलं. बैल वाचवला म्हणून हरला. निदान घड्याळावर त्याला एकट्याला तरी सोडायचं होतं. एका जोडीला पट्टी पार करायला अर्धं मिनिट लागतं.

तिकडे सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. व्यावसायिक बैलस्वारीत वर्षाच्या अजिंक्य स्वाराला दहा लाख डॉलरचा बोनस देण्याची पद्धत आली, पण पडलेल्या स्वाराच्या हाती त्या दिवशी शून्य गुण येतात आणि हाड मोडलं तर पुढचे महिने घरी बसणं. मोनीचीच मान २०२३ मध्ये मोडली आणि त्याची कारकीर्द संपली. वर फार आणि खाली काहीच नाही, हा रोग तिथेही आहे. २०२२ पासून तिथे संघांची स्पर्धा सुरू झाली, दोन संघांचे पाच-पाच स्वार समोरासमोर आणि गुणांची बेरीज. त्यात एक पडला तरी बाकीच्या चौघांचे गुण उभे राहतात.

आणि त्यांची सुरुवात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९९२ साली वीस स्वारांनी प्रत्येकी हजार डॉलर घालून आपली स्वतंत्र संघटना उभी केली. बैलावर बसणारे वाटणीच्या चर्चेलाही बसले. आमच्या मैदानाच्या कमिटीत दहा-बारा जण आहेत, सगळे भले, पण दावणीला शर्यतीची जोडी असलेला एकही नाही.

कमिटीतल्या एका वडीलधाऱ्यांशी बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "नाना, बॅनरवर मोटारसायकल नसली तर चौसष्ट जोड्या येत नाहीत. चाळीसवर अडतात. देणगीदारालाही मोटारसायकलजवळ फोटो पाहिजे असतो." हे खरं आहे, मी नाकारत नाही. २०२२ साली पिंपरी-चिंचवडच्या चिखलीतल्या शर्यतीत पहिलं बक्षीस जेसीबी होतं आणि ती बातमी महाराष्ट्रभर झाली. मोठ्या बक्षिसाने माणूस येतो. पण मोटारसायकल कापून वाटता येत नाही. गेल्या वर्षी पहिला आलेला गडी मला तिथेच भेटला. जोडी दोघांची, हाकणाऱ्याचा वाटा वेगळा. पासिंग आणि विमा स्वतःच्या खिशातून भरला, महिनाभर कुणी चालवायची यावर कुरबूर झाली, आणि शेवटी शोरूमच्या भावापेक्षा पंधरा हजार कमी घेऊन गाडी विकली. तेवढे पैसे रोख मिळाले असते तर तिघांच्या घरी समाधान गेलं असतं.

माझं म्हणणं पहिलं बक्षीस काढा असं नाही. चौसष्ट गुणिले पंधराशे म्हणजे ९६ हजार आमच्याच फीचे होतात. त्यातले निम्मे, ४८ हजार, सोळा गटविजेत्यांना तीन-तीन हजार दिले तर गट जिंकलेला शेतकरी निदान पिकअपचं बहुतेक भाडं सुटून घरी जाईल. उरलेल्या ४८ हजारांत मंडप, लाउडस्पीकर, टँकर भागवा, कमी पडलं तर देणगी आहेच. मोटारसायकल देणारे देणगीदार आहेत, ते कुठे पळून जात नाहीत. दुसरं, घड्याळ एवढं चांगलं आणलंय तर त्याचा उपयोग करा. सेमीत हरलेल्यांतल्या दोन सगळ्यात वेगवान जोड्या फायनलला घ्या. माणसांच्या धावण्याच्या स्पर्धांत हे कधीचं चालतं. चाराच्या सहा पट्ट्या कराव्या लागतील, मैदानाला तेवढी रुंदी आहे, मी पावलांनी मोजली. आणि तिसरं, फी किती जमली, कुठे गेली, हे संध्याकाळी निवेदकाने वाचून दाखवावं. कुणाच्या प्रामाणिकपणावर शंका नाही. पण आमचे पैसे आहेत, तर आम्हाला ऐकायला मिळावं.

बक्षीस वाटपाचंही सांगायला हवं. तिसऱ्या बक्षिसाचे देणगीदार त्या संध्याकाळी आलेच नाहीत. विजेत्याला ढाल दिली, फोटो काढला, आणि पैशांसाठी दोन दिवसांनी फोन करा म्हणून सांगितलं. तो चोपड्याहून आलेला, केळीच्या बागेचं पाणी सोडून. मी त्याला आठवड्याने विचारलं तेव्हा पैसे मिळाले होते, पण तीन फोन करावे लागले. बॅनरवर ज्याचं नाव आणि रक्कम छापली ती रक्कम आदल्या दिवशी कमिटीच्या हातात असली पाहिजे.

मैदानाच्या सोयीला पाचपैकी साडेचार, पंचांना चार, बक्षिसाच्या पद्धतीला दीड.

जाणार असाल तर सकाळी सातच्या आत उतरा, नंतर सावली मिळत नाही. डॉक्टरांचा दाखला मूळ प्रत न्या, मोबाइलवरचा फोटो चालत नाही. शेवभाजी-भाकरीची ताटं मैदानाच्या दक्षिणेला मिळतात, ऐंशी रुपयांत पोट भरतं.

कमिटीतून परवा फोन होता. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यावर बैठक आहे, दोन जोडीवाल्यांना बोलावणार आहेत, त्यात मला आणि त्या पारोळ्याकडच्या शेतकऱ्याला. वहीत सोळा गटांचे सगळे वेळ उतरवून ठेवलेत, ती वही घेऊन जाणार आहे.