हीट पंप ड्रायर : रत्नागिरीच्या एका पावसाळ्यानंतर

एप्रिलमध्ये आमच्याकडे बाळ झालं आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस तोंडावर आलेला असताना, आम्ही कपडे वाळवायचा ड्रायर घेतला. त्याला आता आठ महिने झाले. घेण्याआधी मी खूप शोधलं, पण वाचायला मिळालं ते बहुतेक परदेशातल्या लोकांचं. कोकणातल्या पावसात हे यंत्र काय करतं ते कुठे सापडलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

जुलैत आमच्याकडे कपडा वाळत नाही, सादळत राहतो. दोन दिवस पडवीतल्या दांडीवर, मग एक दिवस माजघरात पंख्याखाली, तरी शिवणींत ओल राहतेच. त्यात कुबट वास धरला की पुन्हा धुणं आलं. सासऱ्यांना दमा आहे. घरात ओले कपडे टांगले की भिंतीच्या कोपऱ्यांत बुरशी येते आणि रात्री त्यांचा खोकला थांबत नाही. बाळाच्या लंगोट-दुपट्यांइतकंच हेही कारण होतं.

दुकानात ‘ड्रायर दाखवा’ म्हटलं की आधी सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा पिळायचा टब दाखवतात. तो पाणी काढतो, कपडे वाळवत नाही. त्यामुळे ‘गरम हवेचा, वेगळा ड्रायर’ असं स्पष्ट सांगा. एकाच यंत्रात धुणारं आणि वाळवणारं मॉडेलही आम्ही पाहिलं. पण त्यात ८ किलो धुता आले तरी वाळवता येतात ५च किलो. दर वेळी ओले कपडे अर्धेमुर्धे बाहेर काढत बसायचं आणि ते वाळेपर्यंत दुसरं धुणं लावता येत नाही, म्हणून ते सोडलं.

मग उरले दोन. व्हेंटेड ड्रायर हवा तापवतो आणि दमट झालेली हवा जाड नळीतून घराबाहेर सोडतो. किमतीला निम्म्याहून कमी, पण दोन हजार वॉटच्या आसपास वीज खेचतो आणि भिंतीला किंवा खिडकीला भोक पाडावं लागतं. हीट पंपात फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो. कपड्यांतून आलेली दमट हवा थंड कॉइलवरून जाते, बाष्पाचं पाणी होऊन टाकीत पडतं, आणि तीच हवा गरम कॉइलवरून पुन्हा ड्रममध्ये येते. उष्णता बाहेर फेकली जात नाही, म्हणून वीज कमी लागते. आम्ही हा ८ किलोचा घेतला, साठ हजारांच्या आत-बाहेर. रक्कम मोठी होती, दोन रात्री झोप लागली नाही.

विजेचं सांगते, कारण सगळे आधी तेच विचारतात. सॉकेटला मीटर लावून मी पाहिलं. चार-पाच किलो सुती कपड्यांच्या एका फेरीला सुमारे १.४ युनिट. जुलैत ४२ फेऱ्या झाल्या, म्हणजे जवळजवळ ६० युनिटं. पण आमचं बिल त्या महिन्यात ३०० युनिटांच्या वर गेलं आणि वरच्या युनिटांना चढा दर लागला. तुमचा वापर आधीच काठावर असेल तर हे धरून चाला.

सगळ्यात उपयोगी गोष्ट मात्र ड्रायरमध्ये नाही, वॉशिंग मशीनमध्ये आहे. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६३ युनिटाइतकी उष्णता लागते. ५ किलो सुती कपडे मशीनच्या मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या वेगावर पिळले तर त्यांत साधारण साडेतीन लिटर पाणी उरतं, १२०० फेऱ्यांवर अडीच-पावणेतीन. आम्ही जूनभर ८००वर पिळत होतो आणि टॉवेल तीन तास फिरत होते. १२००वर पिळायला लागल्यावर दोन-सव्वादोन तासांत होऊ लागले. ड्रायर घ्यायच्या आधी आपलं मशीन किती जोरात पिळतं ते बघा.

वाळलेले कपडे हाताला मऊ लागतात, टॉवेल तर नव्यासारखे फुलतात. मोठ्या चादरीच्या खोळीत मात्र बाकीचे कपडे जाऊन बसतात आणि ओलेच राहतात. खोळ वेगळीच लावायची. तीन-चार लंगोट एकटे घातले तर मशीन दहा मिनिटांत ‘वाळले’ म्हणून थांबतं. ड्रममधल्या पट्ट्यांना ओला कपडा लागला तरच त्याला ओल कळते, आणि एवढेसे कपडे त्यांना नीट लागतच नाहीत. अशा वेळी ठरावीक मिनिटांचा प्रोग्रॅम लावावा. नवऱ्याचा खादीचा कुर्ता बाहीला दोन बोटं आटला. रेशमी साड्या मी आत घालत नाही.

जाळी प्रत्येक फेरीनंतर साफ करायचीच. सुती दुपट्यांतून निघणारा लव पाहून पहिल्या आठवड्यात मी घाबरलेच होते. टाकीतलं दोन-सव्वादोन लिटर पाणी आम्ही लादी पुसायला वापरतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत ते घालू नका. दिसायला स्वच्छ असलं तरी त्यात लव आणि साबणाचा अंश असतो.

आता तक्रार. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात लव अडकून पाणी उपसणारा छोटा पंप बंद पडला. कंपनीचा रत्नागिरीत माणूस नाही हे तेव्हा कळलं. कोल्हापूरहून यायला त्याला नऊ दिवस लागले. ऐन पावसात, तान्ह्या बाळाच्या घरी, नऊ दिवस! काम वीस मिनिटांचं होतं. मला अजून राग येतो, कारण दुकानात मी सर्व्हिसबद्दल विचारलं होतं आणि ‘होऊन जाईल मॅडम’ एवढंच उत्तर घेऊन आले होते. तुम्ही तंत्रज्ञ कुठल्या गावाहून येतो ते विचारा आणि त्याचा नंबर घेऊनच पैसे भरा.

१६ अँपिअरचं वेगळं, अर्थिंग असलेलं सॉकेट आधीच करून घ्या. मध्येच वीज गेली आणि आली तर फ्रिजसारखंच पाच मिनिटं थांबून सुरू करा. कपाटात किंवा बंद बाथरूममध्ये ठेवू नका, आजूबाजूची हवा तापते.

त्या नऊ दिवसांत आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, माळ्यावरची शेगडी काढली. निखाऱ्यांवर दुरडी पालथी घातली आणि तिच्यावर एकेक दुपटं पसरून वाळवलं. नवऱ्याच्या बाळपणी त्यांनी चार महिने हेच केलं होतं, रोज, सांधे दुखत असताना. धुरानं सासऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून या वेळी त्या शेगडी घेऊन मागच्या पडवीत बसत. मशीन दुरुस्त झालं त्या दिवशी पहिली फेरी त्यांनीच लावली आणि काच गरम लागते का ते हातानं पाहत दोन तास तिथेच बसून राहिल्या.