१० इंची स्प्लॅश, छोटा पण कडक

मालवणात गणपतीच्या ऑर्केस्ट्रासाठी १० इंची स्प्लॅश (ड्रमसेटवरची छोटी झांज) घेतला, बी२० धातूचा, म्हणजे ८० टक्के तांबं नि २० टक्के कथील. आवाज चटकन उघडतो नि लगेच मिटतो, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा च्छस्स, मोठ्या क्रॅश झांजेसारखा रेंगाळत नाही त्यामुळे गाणाऱ्याच्या अंगावर जात नाही. कडेला तिरका हलकाच फटका द्यायचा, जोर लावलात तर आवाज गुदमरतो आणि पत्रा एवढा पातळ की तडा जायची भीती, स्टँडवरचा नटही जरा सैलच ठेवा. ‘द पोलीस’ या इंग्लिश रॉक बँडचा ड्रमर स्ट्युअर्ट कोपलंड ऐका, हायहॅटच्या (पायाने उघडमीट होणाऱ्या जोडझांजेच्या) मधेच स्प्लॅश असा टाकतो ना, वेड लागेल! कटकट एकच, आपली खारी हवा, पावसाळ्यात चकाकी भराभर काळवंडते, वाजवून झालं की पुसून सुक्या फडक्यात गुंडाळा. ८ इंची अजून बारीक वाजतो, ढोलकीच्या गर्दीत हरवतो, एकच घ्यायचा तर १० इंचीच घ्या.