वॅगन आरचा दरवाजा जुना, पण काम झालं एक नंबर

माझी २०११ची वॅगन आर, मागचा डावा दरवाजा एका रिक्षावाल्याने पार आत घातला. शोरूमवाले नवीन दरवाजा, पेंट, फिटिंग मिळून १८ हजार म्हणाले, म्हटलं गाडी विकून तरी किती येणारेत. मेकॅनिक म्हणाला साहेब पुण्यातल्या मंगळवार पेठेत जा, जुन्या बाजाराकडे, पण बुधवार आणि रविवार हे बाजाराचे दिवस सोडून जा नाहीतर गर्दीत चप्पल पण हरवेल.

तिथं जुन्या गाड्या सुट्या करून पार्ट विकणाऱ्या एका दुकानात सेम सिल्व्हर दरवाजा काचेसकट ३८०० ला मिळाला, ५ हजारावरून खाली आणला. मालक गप्पिष्ट, सगळं दाखवलं, गाडी आली की आधी ऑइल, कूलंट, पेट्रोल काढायचं, बॅटरी बाजूला, मग इंजिन, अल्टरनेटर, दिवे, सीट असं सुटं सुटं, आणि उरलेला सांगाडा कापून किलोवर भट्टीला. जुन्या मॉडेलचे पार्ट कंपनीत मिळत नाहीत तेव्हा हेच लोक कामाला येतात.

ब्रेक पॅड, सीटबेल्ट, एअरबॅग मात्र जुने घेऊ नका, तिथं कंजूषी नको. आणि अख्खी गाडी मोडीत द्यायची असेल तर सरकारमान्य स्क्रॅपिंग सेंटरलाच द्या, सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी मोडीत दिल्याचा दाखला मिळतो, त्यावर नवीन खाजगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सूट आहे, आणि आरसी रद्द करायला विसरू नका.

एक स्टार कापला कारण पक्कं बिल मागितलं तर मालक हसला. पार्किंगचं तर बोलूच नका.