सहा इंची डॉबसोनियन दुर्बीण: निपाणीतील दोन वर्षांचा अनुभव

सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटर व्यासाच्या आरशाची डॉबसोनियन (साध्या फिरत्या बैठकीवर बसवलेली) दुर्बीण आम्ही निपाणीजवळच्या मळ्यात गेली दोन वर्षे वापरत आहोत, आणि सीमाभागात कोणी अशी दुर्बीण घेण्याच्या विचारात असेल तर त्याने ती जरूर घ्यावी, असे माझे मत आहे. मात्र खोक्यावर ठळक छापलेल्या ‘६०० पट’ या आकड्यावर विश्वास ठेवू नये. या आरशाला ३०० पटींपलीकडे ताणले की चित्र मोठे आणि धूसर होत जाते, नवे काहीच दिसत नाही. बारकावा टिपण्याची ताकद आरशाच्या व्यासात असते.

माझ्या भाच्याने एकदा विचारले, “मामा, हेरगिरी करणाऱ्या उपग्रहाला आपल्या गाडीचा नंबर वाचता येत असेल का?” या प्रश्नाचे उत्तरही व्यासातच आहे. १९९० साली अवकाशात सोडलेल्या हबल दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा आहे, आणि अमेरिकेच्या केएच-११ हेर उपग्रहांचे आरसेही साधारण तेवढेच असावेत, असे अभ्यासक मानतात. २०१२ मध्ये अमेरिकेच्या हेर उपग्रह संस्थेने न वापरलेल्या दोन दुर्बिणी नासाला देऊन टाकल्या, त्यांचे आरसेही २.४ मीटरचेच निघाले. प्रकाशाच्या गुणधर्मामुळे एवढ्या आरशाला २५० किलोमीटर उंचीवरून सुमारे सात सेंटीमीटरांहून लहान तपशील वेगळा ओळखता येत नाही. नंबरप्लेटवरच्या अक्षराची रेघ जेमतेम सेंटीमीटरभर जाड असते, शिवाय प्लेट उभी असते. त्यामुळे खळ्यावर किती गाड्या उभ्या आहेत हे वरून मोजता येईल, पण त्यांचे नंबर वाचता येणार नाहीत. आपल्या कार्टोसॅट-३ या भूनिरीक्षण उपग्रहाची तपशील टिपण्याची क्षमता सुमारे २५ सेंटीमीटरांची आहे, आणि तीही मला अभिमानास्पद वाटते. आरसा याहून मोठा करायचा तर तो रॉकेटच्या टोपणात मावला पाहिजे. म्हणूनच जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीचा ६.५ मीटरचा आरसा १८ तुकड्यांचा करून, घडी घालून पाठवावा लागला.

आमच्या दुर्बिणीतून चंद्रावरचा पावणेदोन किलोमीटरांचा तपशील दिसावा असे गणित सांगते, पण तसे रात्री क्वचितच घडते, कारण हवेचा अस्थिर थर आपल्या डोळ्यासमोरच असतो. उपग्रहासाठी हाच थर खाली, पाहायच्या वस्तूलगत असल्याने त्याचे चित्र तुलनेने कमी बिघडते.

आमची दुर्बीण आली तेव्हा तिचे आरसे एका रेषेत नव्हते आणि गुरूचे चंद्र शेपटीसारखे लांबट दिसत होते; मागचे स्क्रू अर्धा तास सावकाश फिरवल्यावर चारही चंद्र टाचणीच्या टोकासारखे स्पष्ट झाले. २५ मिलिमीटरच्या आयपीसने (डोळा लावायच्या भिंगाने) ४८ पट मोठे दिसते आणि बहुतेक वेळा तोच पुरतो. दिवसभर तापलेल्या गच्चीवर दुर्बीण ठेवू नये. आम्ही ती तासभर आधी खळ्यावर नेतो आणि आरसा बाहेरच्या हवेइतका थंड झाल्यावरच पाहायला सुरुवात करतो.