वास्कोतील मराठी उपासना: वर्षभराचा अनुभव

कोल्हापूरहून बदली होऊन वास्कोत आल्यावर काही महिने मी मोबाईलवरच चर्चची उपासना पाहत असे. प्रवचने उत्तम असत, पण तापाने अंथरूण धरले तेव्हा दार वाजवणारे कोणीच नव्हते. गोव्यात चर्चना तोटा नाही, मात्र बहुतेक ठिकाणची प्रार्थना कोंकणीत असल्याने भाड्याच्या खोलीत भरणारी ही छोटी मराठी ख्रिस्ती मंडळी मी शोधून काढली. पंखा कुरकुरतो आणि उपासना हमखास 20 मिनिटे उशिरा सुरू होते, हे सांगायलाच हवे. तरीही बायबलमधील प्रेषितांची कृत्ये 2:42 मध्ये शिक्षण, सहवास, भाकर मोडणे आणि प्रार्थना यांचा उल्लेख एकत्र का आहे, हे प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर वाटून घेण्याच्या, वेळी शेजारच्या आजींनी थरथरत्या हाताने ताट माझ्याकडे सरकवले तेव्हा उमगले. पावसाळ्यात पुन्हा आजारी पडलो, तेव्हा त्यांच्याच घरून पेज आली.