फोटोचे चित्र करताना: फिल्टर, ॲप की आपलाच हात?

घरातल्या एखाद्या फोटोला तैलचित्राचे रूप देऊन तो भिंतीवर लावावा, असे ज्यांच्या मनात आहे त्यांच्यापुढे मुख्यतः चार मार्ग आहेत: फोटोशॉपमधील ‘ऑइल पेंट’ फिल्टर, गिम्प हे विनामूल्य चित्रसंपादन सॉफ्टवेअर आणि त्याला जोडता येणारा जीमिक हा फिल्टरांचा विनामूल्य संच, मोबाइलवरील प्रिझ्मासारखी ॲप्स, आणि फोटोवरून स्वतःच्या हाताने कुंचला फिरवू देणारी साधने. ही हौस आपल्याकडे नवी नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेला आणि पुढे मळवलीला हलवलेला छापखाना घरोघर पोचवत होता त्या ओलिओग्राफांचे आकर्षणही तेच होते, की छापील कागद तैलचित्रासारखा दिसावा.

चारही मार्ग मी एकाच फोटोवर तपासले. लग्नघरात सुपात तांदूळ निवडत बसलेली आजी, नाकात मोत्यांची नथ, मागे मातीची भिंत आणि दारातून तिरपा येणारा उजेड, असा तो फोटो आहे. कोणता तपशील राखायचा आणि कोणता विरघळू द्यायचा हे चित्रकार क्षणोक्षणी ठरवत असतो, आणि हा निर्णय कोणाच्या हाती जातो यावरच साधनाची निवड करावी, असे माझे मत आहे.

ऑइल पेंट हा फिल्टर २०१२ च्या सीएस६ आवृत्तीत आला. ‘स्टायलायझेशन’ वाढवले की फटकारे लांब व वळणदार होतात, ‘स्केल’ने त्यांची जाडी ठरते आणि ‘शाइन’ने जाड रंगाच्या उंचवट्यावर पडावी तशी चकाकी येते. नऊवारीच्या चुण्या आणि मागची भिंत मिनिटभरात सुरेख उतरली. मात्र स्केल थोडे वाढवताच नथीतले मोती एकमेकांत मिसळून त्यांचा पांढरा गोळा झाला, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या गिरक्या घेऊ लागल्या आणि सुपातल्या तांदळाची खीर झाली, कारण भिंतीला जो न्याय तोच हा फिल्टर चेहऱ्यालाही लावतो. यावर उपाय आहे. फोटो आधी स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ फोटो शाबूत ठेवणारा थर) करून घ्यावा आणि फिल्टरच्या मास्कवर, म्हणजे परिणाम कुठे दिसावा हे ठरवणाऱ्या पडद्यावर, मऊ काळा कुंचला कमी अपारदर्शकतेने फिरवून चेहऱ्यावरचा परिणाम हवा तेवढा उतरवावा. जुन्या किंवा कमी उजेडातल्या फोटोंवरील रवाळपणाही आधीच काढावा; तो राहिला तर कातडीवर अळ्यांसारख्या रेघा उमटतात.

फोटोशॉपची वर्गणी परवडत नसेल तर गिम्प अवश्य वापरावा, पण त्यातल्या ‘ऑइलिफाय’वर थांबू नये. तो फिल्टर प्रत्येक बिंदूच्या परिसरात सर्वाधिक आढळणारी छटा त्या बिंदूला देतो. त्यामुळे रंगाचे सपाट ठिपके पडतात आणि फटकाऱ्याला दिशा येत नाही. जीमिकमधील ‘कुवाहारा’ अधिक समंजस आहे. मुळात हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमा स्वच्छ करण्यासाठी १९७६ च्या सुमारास मांडलेली ही पद्धत बिंदूभोवतीचे चार चौकोन तपासते आणि ज्या चौकोनात रंगांची चढउतार सर्वांत कमी असेल त्याची सरासरी घेते. म्हणूनच सुपाची कड आणि पदराचा काठ तिने शाबूत ठेवले. निसर्गदृश्य, वाडा किंवा नदीचा घाट असेल तर याहून जास्त खटाटोपाची गरज मला वाटत नाही.

प्रिझ्मासारखी ॲप्स २०१६ पासून लोकप्रिय झाली. एखाद्या चित्राचा पोत उचलून तो दुसऱ्या प्रतिमेवर चढवण्याचे तंत्र त्यांच्यामागे आहे. निरोपासोबत पाठवायला ती छान आहेत. फोटोवरून नवे चित्र निर्माण करणाऱ्या अलीकडच्या एआय साधनांबाबत मात्र मी स्पष्टच सांगतो, की घरच्या माणसाच्या फोटोसाठी ती वापरू नयेत. ती चेहरा नव्याने रचतात, आणि मला मिळालेली म्हातारी देखणी असली तरी ती माझी आजी नव्हती.

माणसाच्या चित्रासाठी हातानेच काम करावे. फोटोशॉपचा ‘मिक्सर ब्रश’ खालच्या फोटोतला रंग उचलून ओल्या रंगासारखा पसरवतो. ‘सॅम्पल ऑल लेयर्स’ (सगळ्या थरांतून रंग उचलण्याचा पर्याय) सुरू ठेवून वरच्या रिकाम्या थरावर काम केले तर मूळ फोटोला धक्का लागत नाही. कोरल पेंटर या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमधील क्लोनर कुंचले रंग फोटोतून घेतात, फटकारा मात्र आपला असतो. भिंत मोठ्या कुंचल्याने चार हातांत उरकावी, गालावर गालाच्या गोलाईने जावे, पदरावर चुणीच्या दिशेने उतरावे आणि सर्वांत बारीक कुंचला डोळे, नथ व बोटांपुरता ठेवावा. मला दोन संध्याकाळी लागल्या. सुपातले मोजके दहा-बारा दाणे मी उठावदार ठेवले आणि बाकीचे एका पांढुरक्या पट्ट्यात मिसळू दिले. तांदूळ तिथेच खरा वाटू लागला. चित्रकलेचा सराव नसला तरी चालते, मात्र दाब ओळखणारा पेन टॅबलेट हवा, कारण माउसने सगळे फटकारे एकाच जाडीचे पडतात.

कोणताही मार्ग घेतला तरी छपाईचा आकार आधी ठरवावा. ३०० पीपीआयला (दर इंचाला ३०० पिक्सेल) १२ × १८ इंची छपाईसाठी ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात. फिल्टर जाडी पिक्सेलमध्ये मोजत असल्याने लहान प्रतीवर ठसठशीत दिसलेला फटकारा मोठ्या फाइलवर जवळजवळ नाहीसा होतो. छपाई कॅनव्हासवर करायची असेल तर शाइन बंद ठेवावे, कारण कापडाच्या विणीवर खरा उजेड पडतोच. आधी केवळ चेहऱ्याची वीतभर पट्टी छापून घ्यावी आणि चित्र लागणार त्याच भिंतीवर ती संध्याकाळच्या दिव्यात पाहावी. नथीचे मोती वेगवेगळे दिसले की पूर्ण छपाई सांगायला हरकत नाही.