सकाळी सहाचं काय करायचं? पाळीव प्राणी गेल्यावर कोणता छंद धरावा

आमचा कुत्रा गुंड्या मार्चच्या शेवटी गेला. तेरा वर्षं होता. मुलगी पहिलीत असताना शेजारच्या बांधकामावरून तिने त्याला दप्तरातून घरी आणलं होतं, डबा आणि वह्या तिथेच वाळूवर टाकून. तो गेल्यावर जो भेटेल तो एकच सांगायचा, "मन कशात तरी गुंतवा." कशात, ते कोणी सांगेना. मग घरातल्या आम्ही तिघांनी चार-पाच महिन्यांत बरंच काही करून पाहिलं. काही अर्धवट सुटलं, काही टिकलं. जे नुकतेच या फेऱ्यात सापडलेत आणि शनिवारी क्लासची फी भरावी की नुसती एक वही आणावी अशा विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी एक राग काढून घेते. "कुत्रंच तर होतं!" जेजुरीच्या खंडोबाजवळ कुत्रा आहे, दत्ताच्या पायाशी चार आहेत. देवांना चालतात, आमच्या सोसायटीच्या लिफ्टला चालत नाहीत, आणि त्यांच्यासाठी रडलेलं तर कोणालाच चालत नाही. समाज ज्याला दुःख म्हणून धरतच नाही अशा दुःखावर केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये एक अख्खं पुस्तक काढलं. आपल्या भाषेत सांगायचं तर ज्याला सुतक नाही असं दुःख. सुतक नाही म्हणजे दुसऱ्या दिवशी नऊला ऑफिस.

आता मुद्द्याचं. छंद निवडताना लोक "मला काय जमतं" हे बघतात. मी सांगेन, घड्याळ बघा. कुत्रं-मांजर जातं तेव्हा दिवसातला एक ठरावीक तास रिकामा होतो आणि जीव तिथेच अडकतो. आमच्या घरात तिघांचे तीन तास होते. बाबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, सकाळी सहाचा. मुलीचा दुपारी चारचा, कॉलेजातून येऊन दाराला किल्ली लावतानाचा. माझा रात्री साडेनऊचा, ओटा आवरून बसले की तो पायावर हनुवटी टेकायचा तेव्हाचा. जो छंद त्या तासात बसत नाही, तो कितीही छान असला तरी औषध नको तिथे लावल्यासारखा.

दुसरा प्रश्न, गेलेल्याच्या आठवणीकडे आत्ता बघवतं का? मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या शोकाच्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलं, की शोकातला माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करत असतो. कधी गेलेल्याकडे, कधी उरलेल्या संसाराकडे. दोन्हीची गरज असते आणि एकाच टोकाला अडकून बसलं की त्रास वाढतो. छंदही तसेच दोन जातींचे असतात, काही त्याच्याकडे नेतात, काही थोडा वेळ बाजूला घेऊन जातात.

वही की चित्रवही

दोन्ही त्याच्याकडे नेणारे, दोन्ही स्वस्त. पुण्यात अप्पा बळवंत चौकात एका फेरीत दोन्हींचं सामान मिळतं. पण काम अगदी वेगळं करतात.

मनात अपराधीपणा असेल तर वही घ्या. पाळीव प्राण्याच्या दुःखात हा भाग फार मोठा असतो, कारण शेवटचा निर्णय बहुतेक वेळा आपणच घेतलेला असतो. इंजेक्शनला हो म्हटलं ते लवकर झालं का, दोन दिवस आधी नेलं असतं तर, त्या रात्री तो कण्हत होता आणि मी झोपले. हे चित्रात मावत नाही, ते वाक्यांतच बाहेर येतं. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांचा १९८६ चा प्रयोग यासाठी उपयोगी आहे. विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या घटनेबद्दल लिहायला सांगितलं. लिहून झाल्या झाल्या त्यांना जास्तच वाईट वाटत होतं. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. म्हणून लिहून रडू आलं तर वही चुकली असं समजू नका. पण पंधरा मिनिटं म्हणजे पंधराच. मी पहिल्या रात्री दीड तास लिहीत बसले, तेच तेच वाक्य सात वेळा, आणि पहाटे तीनपर्यंत डोळा लागला नाही. झोपण्यापूर्वीच्या तासाला वही वाईट. दुपारी लिहा, मग उठून चहा टाका.

चित्रवहीची अडचण वेगळी. मुलीने तिसऱ्याच दिवशी त्याचा चेहरा काढायला घेतला. कान जमले, नाक जमलं, डोळे काही येईनात. कागद फाडला आणि म्हणाली, "आई, हा दुसराच कुत्रा झाला." फोटोवरून हुबेहूब चेहरा काढणं पहिल्या महिन्यात टाळा असं माझं स्पष्ट मत आहे. न जमलेला डोळा फार लागतो. काढायचंच असेल तर शाळेत शिकवायचे तसे फोटोच्या प्रिंटवर चौकोन पाडा, कागदावरही पाडा, आणि फोटो उलटा धरून एकेक चौकोन उतरवा. मग हात नुसत्या छटा उतरवत राहतो आणि चेहरा शेवटी समोर येतो. तिने पुढे हेच केलं. त्याहून जास्त जमल्या त्या त्याच्या वस्तू: चेपलेलं स्टीलचं ताटलं, कुरतडलेली चप्पल, दाराच्या चौकटीवरचे ओरखडे. ते ओरखडे तिने ६बी पेन्सिलीने शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेच्या जाडसर कागदावर काढलेत. ही संस्था १९४० पासूनची आहे आणि तिथल्या कागदाला असा पोत असतो की पेन्सिल थोडी अडखळतेच. ओरखड्यांना ते शोभलं.

"मला चित्रकला येत नाही" ही सबब मात्र चालणार नाही. गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासात ३९ मोठ्या माणसांना ४५ मिनिटं रंग, माती, कातरकाम यांतलं हवं ते करू दिलं. सुमारे तीनचतुर्थांश लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं रसायन, कमी झालं. आधी कला येत होती की नव्हती, याने फरक पडला नाही. ३९ माणसं म्हणजे फार नव्हेत, हे ध्यानात ठेवूनच सांगते आहे.

गोधडी की माती

इथे मी सगळ्यात जास्त घुटमळले. कारण कुत्रं गेल्यावर मनाच्या आधी हाताला कळतं. हात नकळत खाली जातो आणि तिथे काही नसतं. तेव्हा हाताला धरायला काहीतरी हवं, आणि ते मऊ हवं की ओलं, हा प्रश्न.

गोधडी रात्रीच्या तासाची. टीव्ही चालू असताना, कोणी बोलत असताना, मधेच रडू आलं तरी चालते. धावदोरा कडेने सुरू करायचा आणि चौकोनी फेऱ्या घेत मध्याकडे जायचं. चुकायला जागाच नाही, वाकडा टाका गोधडीत शोभून दिसतो. खर्च जवळपास शून्य. मी माझ्या दोन जुन्या सुती साड्यांच्या मधे त्याची चादर घातली आहे. एक इशारा: चादर धुऊनच घाला. वासासाठी न धुता ठेवायचा फार मोह होतो, मलाही झाला. पण पुण्याच्या जुलैत तिला बुरशी येते आणि मग सगळंच टाकावं लागतं. वासाचा एक छोटा तुकडा कापून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, उरलेली धुवा.

गोधडीचा दोष असा की डोकं मोकळं राहतं. हात आपले चालतात आणि मन तिकडे दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसतं. ज्यांना आत्ता विचारच नको आहेत त्यांनी माती धरावी.

कुंभाराच्या चाकावर माती मध्यावर आणणं हे असं काम आहे की क्षणभर लक्ष हललं तर गोळा भिरभिरून हातात येतो. दोन्ही हात कोपरापर्यंत बरबटलेले, त्यामुळे फोन उचलून त्याचे फोटो बघणं शक्यच नाही. आमच्या मजल्यावरच्या वहिनींची मनी गेली तेव्हा त्यांनी रविवार सकाळचा क्लास लावला. रविवारच का? कारण रविवारी त्या गणेश पेठेतून मासळी आणायच्या, निम्मी स्वतःची आणि निम्मी मनीची. तो तास त्यांना भरून काढायचा होता. माझ्या सगळ्या सिद्धांताचं मूळ तेच, वहिनींचं.

पण माती महाग पडते, वेळ दुसऱ्याच्या सोयीने ठरतो, आणि फळ हातात यायला आठवडे लागतात. आधी सावलीत वाळवणं, मग भाजणी, चकाकी द्यायची तर पुन्हा भाजणी. मधे कुठेही भांडं तडकू शकतं. वहिनींचा पहिला वाडगा भट्टीतच दुभंगला आणि त्या दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. ज्यांना आत्ता आणखी काही मोडलेलं सोसणार नाही, त्यांनी थांबावं. घरी स्वस्तात करून बघायचं तर गणपतीच्या आधी शाडू सगळीकडे मिळतो. त्याला भट्टी लागत नाही, पण वाळताना तो आक्रसतो आणि जाड भरीव गोळा हमखास तडकतो. पंजा, कान असं लहान आणि पातळ काहीतरी करा. कसबा पेठेतल्या किंवा मुंढव्याच्या कुंभारवाड्यात जाऊन शिकायचं मनात असेल तर दिवाळीच्या आधीचे आठवडे सोडून जा. पणत्यांच्या घाईत तुमच्या दुःखाकडे बघायला तिथे कोणाला सवड नसते, आणि बरोबरच आहे.

लोकरीच्या बाहुल्यांबद्दल विचारलं जातं. क्रोशाने हुबेहूब आपला कुत्रा विणायची सध्या हौस आहे. विणायला काही कठीण नाही, साखळी आणि खांब आले की झालं. पण चित्रातल्या डोळ्यांची गोष्ट इथेही लागू. वर्षभराने विणा.

टेकडी की गॅलरी

सकाळी सहाच्या तासाला घरात बसून करायचा कोणताही छंद पुरत नाही. अंगाला चालायची सवय झालेली असते. बाबा आठ दिवस त्या वेळी नुसते उठून बसत आणि पट्ट्याच्या खिळ्याकडे बघत. नवव्या दिवशी वेताळ टेकडीवर गेले आणि अर्ध्या तासात परत आले, कारण वाटेत चार जणांनी विचारलं, "आज एकटेच?" मुलीने त्यांना खिशात मावेल अशी वही दिली, रोज एक झाड काढायचं म्हणून. आता थांबून चित्र काढणाऱ्या म्हाताऱ्याला लोक "हे काय काढताय?" विचारतात. प्रश्न बदलला. चित्रं भयंकर आहेत. त्यांचा पळस आणि त्यांचा साळुंखी पक्षी यांत फरक कळत नाही. पण सहाला पायात बूट असतात. ज्यांचा कुत्रा गेलाय त्यांना मी पहिली शिफारस हीच करीन. ओळखीचे लोक टाळायचे असतील तर महिनाभर दुसरी टेकडी धरा, तळजाई किंवा हनुमान टेकडी.

गॅलरीतली झाडं मांजरवाल्यांना बरी, कारण मांजराची जागा घरातच असते, बहुधा खिडकीत. रोज पाणी घालणं म्हणजे रोज कोणाला तरी आपली गरज असणं, हे त्यातलं खरं औषध. मात्र एप्रिल-मे मध्ये सुरुवात करू नका. उन्हाने रोप गेलं तर पुन्हा तेच सगळं. पावसाळा उत्तम. रक्षा कुंडीत घालायची असेल तर चिमूटभरच, भरपूर माती आणि कंपोस्टमध्ये मिसळून. रक्षेत क्षार फार असतात आणि ती जहाल अल्कधर्मी असते, मूठभर घातली तर मुळं जळतात. घरात दुसरं मांजर असेल तर लिली आणू नका, तिने मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. कण्हेर आणि सायकस कुत्र्या-मांजरांना दोघांनाही विषारी.

बाकीचं थोडक्यात. पेटी, तबला, गाणं हे ज्यांनी आधी शिकलंय त्यांनाच. दुःखात सा लावायला शिकणं म्हणजे शेजाऱ्यांवरही अन्याय. फोटोंचा अल्बम सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात जड जातो. तो एकटीने रात्री करू नका, रविवारी दुपारी सगळ्यांनी मिळून करा. आणि त्याआधी फोनमधलं ते "दोन वर्षांपूर्वी याच दिवशी" बंद करा. मला ते भर मीटिंगमध्ये आलं होतं.

घरात सात-आठ वर्षांचं मूल असेल तर त्याला निवडू द्या, आणि त्याने आजच सोडून दिलं तरी चालवून घ्या. मुलं दहा मिनिटं रडतात आणि मग पोहे मागतात. ते बरोबरच आहे.

छंदाच्या आवाक्याबाहेरचंही असतं. जेवण जात नाही, झोप आठवडेच्या आठवडे नाही, जगावंसंच वाटत नाही, अशा वेळी सुई-दोरा बाजूला ठेवा आणि १४४१६ वर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा. सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. "कुत्र्यासाठी फोन केला" असं सांगायला लाजू नका.

माझी गोधडी अजून मध्यापर्यंत पोचलेली नाही. रोजची एक-दीड फेरी होते, कधी तीही नाही. तुम्ही तुळशीबागेत सामान घ्यायला जाणार असाल तर सुई जाड मागा, गोधडीची म्हणून सांगा, आणि अंगुस्तान विसरू नका. मी विसरले होते, पहिल्या आठवड्यात मधलं बोट सोलून निघालं.